मशिनातली वात

“इंदे, माझी डावी चप्पल कुठाय?”

“असेल तिथंच. बघा की नीट.”

“उजवी हाय. डावी न्हाई.”

“मग कुत्र्यानं नेली असेल.”

“कुत्र्याला एकच लागती व्हय?”

मी मान वर केली नाही. मांडीवर ताट, ताटात देवकापूस, शेजारी वाटीत भस्म. बोटं भस्माला टेकवायची, कापूस ओढायचा आणि वात वळायची, माझं आपलं चाललं होतं. डावी चप्पल पलंगाखालच्या ट्रंकेत, पेपरात गुंडाळून, गोधड्यांच्या तळाशी होती. मीच ठेवली होती. आणखी खोदून विचारलं असतं तर मी देवाची खोटी शपथसुद्धा घेतली असती.

आमचे हे, म्हणजे रंगराव, एके काळी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे लेफ्ट आउट. डाव्या पायानं कॉर्नर मारला की चेंडू वळून थेट जाळीत जायचा म्हणे. म्हणे अशासाठी की मी काही तो बघितला नाही, तेव्हा बायका कुठल्या मॅचला जातात! पण लग्नानंतर तो कॉर्नर इतक्यांदा ऐकलाय की झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. त्याच डाव्या पायाचं एक बोट त्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांनी काढून टाकलं. फौंड्रीत असताना लागलेली सिगारेट रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. तिनं पायातल्या रक्ताच्या नळ्या आकसून टाकल्या आणि बोट काळं पडलं. डॉक्टर म्हणजे तोंडावर बोलणारा माणूस. म्हणाले, “रंगराव, सिगारेट ठेवा नाहीतर पाय ठेवा. दोन्ही मिळायचं नाही. आता एक जरी ओढलीत तरी पुढचं मला विचारू नका.”

पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात गेलं आणि आमच्या घराचं स्वास्थ्य पण त्याच्याबरोबर गेलं. मी घरातल्या सगळ्या काडेपेट्या लपवून टाकल्या. गॅसला लायटर होता. देवापुढचं निरांजन लावायचं तर कागदाची सुरळी करून गॅसवर पेटवायची आणि तशीच देवघरापर्यंत पळत न्यायची. दोनदा पदर जळता जळता वाचला. पण काडेपेटी दिसली की यांना सिगारेट आठवणार, मग काय करता!

शेवटी आमच्या लेकीचा, वैजूचा नवरा पुण्याहून ते मशीन घेऊन आला. तेव्हा ही वाफेची यंत्रं दुकानात उघड मिळायची, सरकारनं अजून बंदी घातली नव्हती. जाड पेनाएवढं ते. बटण दाबलं की आतली तार तापायची. त्या तारेच्या स्प्रिंगमधून कापूस ओवलेला असायचा, तो पुदिन्याच्या वासाचा रस प्यायचा आणि त्याची वाफ व्हायची. “मामा, यात धूर नाही, राख नाही,” जावई म्हणाले. यांनी पहिला झुरका घेतला, डोळे मिटले, आणि मी कितीतरी दिवसांनी सलग दोन घास जेवले. डॉक्टरांना आम्ही काही बोललो नाही. वाफ तर आहे, सांगायचं काय त्यात, असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं.

फक्त तो कापूस पुन्हा पुन्हा बदलावा लागायचा. काळा पडायचा, मग रसाऐवजी करपट वास यायचा. जावयांनी दिलेलं कापसाचं पाकीट संपलं होतं. नवीन दुसऱ्या दिवशी कुरिअरनं यायचं होतं. आणि मशिनातला शेवटचा कापूस त्या दिवशी सकाळी चहाबरोबर जळून गेला.

तेव्हापासून हे घरभर फिरत होते. खिडकी, दार, मोरी, परत खिडकी. टीव्ही लावला, बंद केला. रिकाम्या मशिनचं बटण टकटक वाजवत बसले. मी म्हटलं, “अहो, बसा की एका जागी, मला फिरल्यागत होतंय बघून.” त्यावर म्हणाले, “मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.” कोपऱ्यावर बापूची टपरी. त्याशिवाय त्या कोपऱ्यावर दुसरं आहे काय? मग ती चप्पल ट्रंकेत गेली. डावा पाय उघडा जमिनीवर टेकवायचा नाही, मऊ तळाची चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

“राहू दे चप्पल,” हे म्हणाले आणि एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असे दाराकडं निघाले.

“थांबा!” मी ओरडले. “पायाला काही लागलं म्हणजे? जखम भरून किती दिवस झालेत?”

“मग करू तरी काय? कापूस न्हाई त्यात!” मग त्यांची नजर माझ्या ताटावर गेली. “च्यायला! घरात पोतंभर कापूस पडलाय, आन् नवऱ्याला बोटभर मिळंना!”

“हा देवाचा आहे.”

“देव काय मशीन ओढतोय?”

मी लक्षवात करत होते. लाख वाती स्वतःच्या हातानं वळायच्या आणि कार्तिकात तुपात भिजवून देवापुढं लावायच्या. शेजारच्या मालनवहिनींनी मला सगळे नियम समजावून दिले होते, आणि नियमांच्या बाबतीत मालनवहिनी म्हणजे पोलीस. परसातल्या देवकापशीचाच कापूस हवा, वळताना अंगावर ओलं वस्त्र नको, दुसऱ्याचा हात लागलेली वात धरायची नाही. कशासाठी करतेस हे कुणाला बोलायचं नाही. हे समजत होते की वैजूला पोर व्हावं म्हणून माझं चाललंय. मी त्यांना तसंच समजू दिलं होतं.

यांचा हात कडीवर होता. मी उठले, वातींचा पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातल्या दोन काढल्या. नवसातली वात उचलून सिगारेटच्या भावंडाला द्यायची! पण कडी सरकायला लागली होती.

“या घ्या. आणि बसा.”

वाती चांगल्या निवडून काढल्या होत्या, बारीक, घट्ट, एकसारख्या. मला माझ्या वातींचा जरा अभिमानच होता. यांनी चष्मा लावला, मशीन उघडलं, जावयांनी शिकवलं तसं वात स्प्रिंगमधून ओवली, दोन्ही टोकं खाली दाबली, वर रस ओतला. बटण दाबलं. मोठा झुरका घेतला.

पुढचा काही वेळ मी यांची पाठच चोळत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकला थांबता थांबेना. घरभर करपल्याचा वास सुटला.

“काय दिलंस गं हे मला? मसणातली राख ओढल्यागत लागलं!”

मग माझ्या ध्यानात आलं. वळताना बोटाला लावलेलं भस्म! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वात तशीच वळली जाते, भस्मानं बोट सरकत नाही. देवाला ते चालतं. मशिनाला चाललं नाही. आणि वात इतकी घट्ट की रस आत शिरलाच नव्हता, कोराच कापूस जळला होता.

“विचारायचं तरी,” मी म्हटलं.

“मी विचारायचं? सुगरण तू का मी?”

मी वैजूला फोन लावला. ती ऑफिसात होती, हळू आवाजात बोलत होती. “आई, पप्पा ठीक आहेत ना? ओढली नाही ना त्यांनी?”

“नाही. पण ओढतील. कापूस कसा करायचा ते सांग लवकर.”

तिनं नवऱ्याला विचारलं, मग मला सांगितलं. “आधी पाण्यात चांगला उकळायचा. कच्च्या कापसाला मेण असतं, त्यामुळं तो रस पीत नाही. मग पिळून पूर्ण वाळवायचा. आणि आई, वळायचा नाही. नुसता विंचरल्यासारखा सरळ करायचा, तारेतून अलगद सरकला पाहिजे. टोकं फुलवून सैल सोडायची.”

“वळायचाच नाही? मग ती वात कसली?”

“तुझी वात नाही गं ती!”

म्हणजे माझी इतक्या वर्षांची सगळी विद्या तिथं उलटी लागत होती. बरं तर बरं. मी पातेलं चढवलं, भस्म न लागलेला कापूस त्यात टाकला. तो बुडेचना. वर तरंगायचा, मी पळीनं दाबायची, तो परत वर. हे मागं उभे राहून बघत होते, एका पायात चप्पल घालून.

“किती वेळ लागंल?”

“भात शिजेपर्यंत.”

“आन् वाळायला?”

मी दोरीकडं बघितलं. श्रावण होता. दोरीवरचे टॉवेल कालपासून ओले होते.

अशात मालनवहिनी टपकल्या. त्यांना उकळत्या पातेल्याचा वास लागतो की काय देव जाणे. आत डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. “अगं बाई! इंदुमती! देवकापूस शिजवतेस?”

हे म्हणाले, “वहिनी, उपासाची खीर हाय ती. वाटीभर देऊ काय?”

“थट्टा करू नका, रंगराव. लक्षवातीचा कापूस आहे तो. त्याला असं उकळणं म्हणजे...”

“वहिनी,” मी पळी खाली ठेवली. आवाज चढलाच माझा. “तुम्ही आत्ता घरी जा. मी उद्या येते आणि तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त घेते. पण आत्ता जा.”

मालनवहिनींना मी आयुष्यात कधी असं बोलले नव्हते. त्या गेल्या. हे माझ्याकडं बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “लई तापलीस की.”

कापूस पिळला, पेपरावर पसरला आणि पंख्याखाली ठेवला. पंखा फास्ट केला तर तो उडायचा, हळू केला तर वाळायचा नाही. हे दर घटकेला येऊन बोटानं चाचपायचे. “ओला हाय.” परत खिडकी. परत मोरी. “अजून ओलाच हाय.” बोटं एकमेकांवर घासत होते, ती दोन बोटं, जिथं सिगारेट धरायची सवय, तिथली कातडी अजून पिवळी होती. एकदा दाराची कडी वाजली. मी मान वळवली तर हे कडीवर हात ठेवून नुसते उभे. घामानं बनियन भिजलं होतं.

“इंदे, एकच. एकानं काय व्हतंय?”

“इकडं या.”

“एकच ओढतो. बापूकडं उभ्या उभ्या. घरात आणत न्हाई.”

“इकडं या म्हणते ना!”

आले. मी त्यांना माझ्यासमोर बसवलं, डावा पाय उशीवर ठेवायला लावला आणि ताट दोघांच्या मधे सरकवलं. “हात रिकामे आहेत म्हणून त्रास होतोय. हे घ्या. अशी बोटं भस्माला लावायची. असं ओढायचं. असं वळायचं.”

“मी? वाती?”

“फौंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न कोरायचात ना? मग कापसानं काय घोडं मारलंय?”

पहिली वात मधे जाड, टोकाला बारीक झाली. दुसरी सुटली. तिसरीला यांनी शिवी घातली. “देवाच्या कामाला शिवी देऊ नका,” मी म्हटलं. “मग ही सरळ का व्हईना?” म्हणाले. पण टाकून उठले नाहीत. जीभ दातांत धरून, चष्मा नाकावर आणून, वळत राहिले. बाहेर भुरभुर चालू होती. पंखा कापसावर कुरकुरत फिरत होता. एकेक वाकडी वात ते ताटाच्या कडेला ओळीत मांडत होते आणि मी मुद्दाम तिकडं बघत नव्हते. बोटांचं ते घासणं थांबलं होतं, हे मात्र मी बघितलं.

“कशाला गं एवढ्या?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. “वैजूला पोर व्हावं म्हणून?”

“नाही.”

“मग? थेट वैकुंठाला जायचंय?”

“तुमच्या पायासाठी.”

बोलून गेले मी. बोलायचं नसतं असं बजावलं होतं, पण सकाळपासून एवढे नियम मोडले होते, त्यात हा एक. यांचा हात थांबला. उशीवरच्या पायाकडं बघितलं, बोट गेलं होतं त्या जागेकडं. मला रडू येत होतं, पण मी वात वळत राहिले.

“उन्हाळ्यापासनं?”

“हं.”

“मग ह्या माझ्या पण धर की त्यात.”

“नाही धरता येत. ज्यानं नवस केला त्याच्याच हातच्या लागतात.”

“पाय माझा, आन् माझीच वात फाउल? कुठला रेफरी हाय हा तुझा?”

“मालनवहिनी.”

“मग झालंच!” म्हणाले आणि हसले. बोट काढल्यापासून यांचं हसू मी ऐकलं नव्हतं. मलाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी होतं तसंच.

कापूस वाळला तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. मी तो हातात घेऊन विंचरून सरळ केला, सांगितला होता तसा, मऊ आणि सैल. “घ्या तुमच्या मशिनाला.”

यांनी बघितला, हात लावला. “झक्कास झालाय,” म्हणाले. मग ताटात ठेवला आणि उठले. “ठेव जरा. चप्पल दे माझी.”

“कसली चप्पल?”

“इंदे. दिवसभर वळल्यात तुझ्यासंगं. आता दे चप्पल.”

नाही म्हणावं, तर हा माणूस उघड्या पायानं जाणार, डोळ्यांत दिसत होतं तसं. दिली तर पायाखाली चप्पल असेल, पण जातील कुठं ते मला ठाऊक होतं. मी ट्रंक ओढली, गोधड्या उपसल्या आणि पेपरातून चप्पल काढून त्यांच्यापुढं ठेवली. यांनी पाय आत सरकवला आणि गेले.

मी खिडकीत. हे कोपऱ्यापर्यंत गेले. बापूच्या टपरीसमोर थांबले. बापूनं हात वर केला, यांनी वाकून काही सांगितलं. पुढं बस आडवी आली आणि मला काही दिसेना. मी देवघरासमोर जाऊन बसले, परत खिडकीत आले, परत देवघरात. दिवसभर यांना बोलत होते, आता मीच तशी फिरत होते.

दार वाजलं. हे आत आले. शर्टाच्या खिशात काहीतरी चौकोनी.

“काय आहे खिशात?”

“काय न्हाई.”

“काढा बाहेर!”

काढली. काडेपेटी.

माझं डोकंच फिरलं. “अहो, लाज वाटते का काही? दिवसभर मी देवाचा कापूस शिजवला, मालनवहिनींना हाकललं, नवस बोलून दाखवला, आणि तुम्ही! एक ओढलीत का दोन? आता पाय कापायला मीच नेते तुम्हाला, चला, रिक्षा बोलवा!” समोरचं वातींचं ताट उचलून मी आपटलं. वाती फरशीवर पसरल्या. मी तिथंच बसून रडायला लागले, तोंडाला पदरसुद्धा लावला नाही.

हे माझ्या पुढ्यात वाकून बसले. त्या पायानं वाकणं त्यांना सोपं नव्हतं.

“झालं? आता वास घे.”

तोंड जवळ आणलं. सकाळचा चहा, भस्म, घाम. बाकी कसला वास नव्हता.

“बापू पाकीटच काढाय लागला. म्हटलं, ते ठेव, काडेपेटी दे नुसती. त्यो बघतच बसला.” मग त्यांचा आवाज जरा बसला. “घरात एक काडेपेटी हाय का? तू कागद पेटवून पळत दिवा लावतीस. मला दिसत न्हाई व्हय? एखाद्या दिवशी पदर पेटला म्हंजे? माझा एक पाय वाचवायला तू जळून घेणार?”

मी पदरानं तोंड पुसलं.

त्यांनी फरशीवरच्या वातींतून आपली एक शोधून काढली. मधे जाड, टोकाला बारीक. निरांजनात ठेवली, तूप घातलं. “ही लाव. मोजू नको. नुसती लाव.” पण पेटी त्यांच्याच हातात होती, काडी त्यांनीच ओढली. ती पेटली. ज्योत त्यांच्या तोंडासमोर होती, पूर्वी असायची तिथंच, आणि ते तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी हात खाली नेला, वात लावली, काडी फुंकरून विझवली आणि पेटी माझ्या हातात दिली.

“देवघरात ठेव. लपवू नको आता.”

दुसऱ्या दिवशी कुरिअर आलं. ते फोडलंच नाही असं काही मी म्हणणार नाही. फोडलं, आणखी काही आठवडे मशीन ओढलं, मीच कापूस विंचरून द्यायची. पण तोवर संध्याकाळी वाती वळायला बसायची यांना सवय लागली होती. पुढच्या तपासणीला यांनी आपणहून डॉक्टरांना सांगितलं, तर डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “रंगराव, निकोटिनचं विष तेच आहे हो, तुम्ही नुसतं भांडं बदललंत!” त्या दिवशी मशीन पण गेलं. कार्तिकात वाती लावल्या तेव्हा यांच्या वाकड्या वाती मी माझ्यात बेमालूम मिसळून टाकल्या. मालनवहिनी म्हणाल्या, “इंदुमती, वयानं हात बिघडला हो तुझा.” मी म्हटलं, “हो, वहिनी.”

काल मैदानावर तालमीची मॅच होती. हे दुपारपासूनच तयार. दारात उभे राहून हाक मारली, “इंदे, माझी डावी चप्पल कुठाय?”

मी बाहेर येऊन बघितलं. उजवी होती, डावी नव्हती. ह्या वेळी खरंच कुत्र्यानं नेली होती.